वाचकांचे प्रश्न : निळ्या फुलांचे झुडूप आणि त्याची मुकी पाने

प्रश्न : स. न. वि. वि. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही काही मित्र महाबळेश्वरला गेलो होतो. जंगलातल्या पायवाटेवर पुरुषभर उंचीपेक्षा थोडे जास्त वाढलेले एक झुडूप दिसले. पाने जाड, गडद हिरवी आणि चकचकीत होती. जिथे पाने संपली होती त्या खालच्या करड्या काड्यांवर जांभळट निळ्या फुलांचे झुबके बसले होते, इतके दाट की काडी दिसेना. आमच्यातील एकाने पाने पाहून ते जांभूळ ठरवले, गाडीवाल्याने ‘लोखंडी’ म्हटले, आणि मोबाइलवरील ओळख सांगणाऱ्या ॲपने तीन छायाचित्रांना तीन वेगवेगळी नावे दिली. फुले तोडली नाहीत, पण खाली पडलेली एक डहाळी उचलून वहीत ठेवली. माझी टिपणे अशी : पाने समोरासमोर, लांबी सुमारे सात सेंटिमीटर, देठ अगदी आखूड, तोडल्यावर चीक नाही, काटे नाहीत, फुलाला पाकळ्या चार. हे झुडूप कोणते? ते इथलेच आहे की इंग्रजांनी आणून लावलेले? आणि फुले नसतील तेव्हा ते कसे ओळखावे?
— एक वाचक, वाई, जि. सातारा

उत्तर : आपण पाहिले ते झुडूप अंजनीचे. शास्त्रीय नाव मेमेसायलॉन अंबेलॅटम. आपली टिपणे इतकी नेमकी आहेत की छायाचित्रे नसती तरी चालले असते. ‘चीक नाही’ आणि ‘काटे नाहीत’ या दोन नकारांनी निम्मे काम केले आहे. झाड ओळखताना माणूस काय दिसले ते लिहितो, पण काय दिसले नाही ते लिहायला सहसा विसरतो.

गाडीवाल्याचेही चुकले नाही. अंजनीचे लाकूड अतिशय कठीण आणि जड असल्यामुळे तिला बऱ्याच ठिकाणी लोखंडी म्हणतात, काही भागांत कुर्पा असेही नाव ऐकू येते. अडचण एवढीच की याच सह्याद्रीत लोखंडी नावाचे आणखी एक झाड आहे, ते इक्सोरा ब्रॅकिएटा, आणि त्याचीही पाने समोरासमोर, जाड आणि गुळगुळीत असतात. त्यामुळे ‘लोखंडी’ एवढ्यावर थांबलात तर दोन पूर्णपणे वेगळ्या कुळांतील झाडे एकाच चिठ्ठीखाली जातील.

आता पानांकडे येऊ, कारण फुले वर्षातून काही आठवडेच असतात आणि पाने बारा महिने. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत वेगवेगळ्या ठिकाणी फुलोरा येतो, पण एका झुडपावरचा बहर फार दिवस टिकत नाही. पुढच्या वेळी पावसाळ्यात किंवा दिवाळीत गेलात तर फक्त हिरवा पाला हाताशी असेल, आणि सह्याद्रीच्या सदाहरित रानात ‘समोरासमोर, जाड, चकचकीत’ एवढ्या वर्णनात बसणारी झाडे पुष्कळ आहेत.

अंजनीच्या पानाची पहिली खूण म्हणजे ते मुके असते. मध्यशीर स्पष्ट दिसते, पण तिच्यापासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा पानाच्या वरच्या अंगाला जवळजवळ दिसतच नाहीत. बोट फिरवले तर पातळ रेक्झिनवरून फिरवल्यासारखे वाटते. कडा अखंड असते, दाते नाहीत, लव नाही. टोक कधी बोथट तर कधी किंचित निमुळते, आणि देठ इतका आखूड की पान फांदीलाच चिकटले आहे असे लांबून वाटावे. पान चुरगळून नाकाशी धरा : हिरव्या पाल्याचा साधा वास, त्यापलीकडे काही नाही. हा ‘काही नाही’ फार महत्त्वाचा आहे.

तो किती महत्त्वाचा ते मला एका गुरवाने शिकवले. बऱ्याच वर्षांपूर्वी मुळशी भागातील एका देवराईत आम्ही झाडांची मोजणी करत होतो. पायाशी उगवलेली गुडघाभर उंचीची रोपे मी एकामागून एक ‘जांभूळ, जांभूळ’ म्हणून वहीत मांडत चाललो होतो. देवळाचे गुरव काठी टेकून बघत होते. त्यांनी वाकून एका रोपाचे पान तोडले, मुठीत चोळले, स्वतः हुंगले आणि मग माझ्या नाकापुढे धरून विचारले, “याला वास कुठंय, सायेब? ही अंजन हाय.” शेजारच्याच खऱ्या जांभळाचे पान त्यांनी तसेच चोळून दाखवले. त्याचा उग्र, आंब्याच्या कोयीची आठवण करून देणारा वास बराच वेळ बोटांना राहिला. वहीतील ती दोन पाने मला खोडून नव्याने लिहावी लागली.

जांभूळ आणि अंजनी यांची गल्लत सगळ्यात जास्त होते, आपल्या मित्राची झाली ती काही जगावेगळी नाही. वास हा पहिला फरक. दुसऱ्या फरकासाठी पान उन्हाकडे धरावे. जांभळाच्या पानात बारीक, दाट, एकमेकींना समांतर शिरा मध्यशिरेपासून निघून कडेलगत धावणाऱ्या एका शिरेला जाऊन मिळतात, आणि भिंगातून पाहिल्यास पानभर तेलाचे सूक्ष्म अर्धपारदर्शक ठिपके दिसतात, कारण जांभूळ हे निलगिरी आणि पेरूच्या कुळातले. अंजनीचे पान तसे उन्हाकडे धरले तर ते बहुधा आपल्याला काहीच सांगत नाही. लेखाच्या मथळ्यात मी त्याला मुके म्हटले ते याच कारणाने.

इक्सोराची, म्हणजे त्या दुसऱ्या लोखंडीची, शंका असेल तर पानाकडे न पाहता पेराकडे पाहावे. इक्सोरा हे कॉफीच्या कुळातले झाड आहे, आणि त्या कुळात समोरासमोरच्या दोन देठांच्या मधोमध, फांदीवर, एक छोटेसे त्रिकोणी उपपर्ण असते. कोवळ्या फांदीच्या शेंड्याजवळ ते नखाने उचलता येते आणि गळून गेले तरी त्याची आडवी रेघ मागे राहते. अंजनीत असे उपपर्ण नसते. माझ्या मते सह्याद्रीत समोरासमोर पानांचे झुडूप हाती घेतल्यावर पहिली नजर या जागेवर जायला हवी, कारण एका दृष्टिक्षेपात एक अख्खे मोठे कुळ आत येते किंवा बाहेर जाते.

करवंदाचा प्रश्न आपण स्वतःच सोडवला आहे. पांढरा चीक आणि जोडीने येणारे काटे असले की करवंद, नसले की दुसरे काही. माकडलिंबूची पाने जाड आणि चकचकीत असली तरी ती एकाआड एक येतात आणि चुरगळल्यावर लिंबाचा वास येतो, त्यामुळे तेही लगेच बाजूला पडते.

अंजनीची आणखी एक खूण पानांत नाही, काडीवर आहे, आणि फुले नसतानाही ती दिसते. फुलांचे झुबके पानांच्या बगलेत येतात तसेच, पाने गळून गेलेल्या जुन्या पेरांवरही वर्षानुवर्षे त्याच जागी येत राहतात. त्यामुळे ती पेरे सुजल्यासारखी, खडबडीत आणि गाठाळ होतात. भर पावसात, एकही कळी नसताना, मुक्या पानांची डहाळी खाली चाचपत गेलात आणि बोटांना ठरावीक अंतरावर अशा गाठी लागल्या तर आपण योग्य वाटेवर आहात असे समजावे. हे लक्षण पुस्तकात शेवटी कुठेतरी येते, पण रानात मला तेच जास्त उपयोगी पडले आहे.

फुले असतील तर शंकेला जागा राहत नाही. एक फूल सेंटिमीटरभरही नसते. लांबून सगळा झुबका निळा दिसतो, पण जवळून पाहिले तर खाली गुलाबीसर पेल्यासारखा निदलपुंज, त्यावर चार निळ्या पाकळ्या, आत आठ पुंकेसर आणि मधोमध एकच परागवाहिनी असा हिशेब लागतो. चार आणि आठ हे आकडे लक्षात ठेवावेत. जांभळाच्या फुलात पुंकेसरांची मोजदाद करायला बसलात तर दिवस जाईल आणि फूलही पांढरट असते, तर इक्सोराच्या फुलाला पाकळ्या चार असल्या तरी त्या एका नळीच्या तोंडाशी असतात आणि पुंकेसरही चारच. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असेल तर अंजनीच्या परागकोशाकडे अवश्य पाहा. तो सरळ नसतो, विळ्यासारखा वाकलेला असतो आणि त्याच्या पाठीवर एक इवलासा खळगा दिसतो. ती तेलग्रंथी होय. इतक्या लहान फुलात एवढी कारागिरी असेल असे लांबून वाटत नाही.

आपल्या ॲपला मी फारसा दोष देणार नाही. त्याला आपण जे दाखवतो तेच ते पाहते. पहिले छायाचित्र नुसत्या पानांचे, दुसरे नुसत्या निळ्या झुबक्याचे आणि तिसरे अख्ख्या झुडपाचे लांबून घेतलेले, असे असेल तर तीन उत्तरे येणारच. पेर, देठ आणि पानाची खालची बाजू एका चौकटीत येईल असे एक छायाचित्र घेतलेत तर माणसालाही सोपे जाते.

हे झुडूप इथलेच का, या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे आहे. एवढेच नव्हे, महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर या माथ्यांवरील सदाहरित रानाचा प्रकार वनस्पतिशास्त्रज्ञ ज्या तीन झाडांच्या नावाने ओळखतात ती आहेत अंजनी, जांभूळ आणि पिसा. वारा, धुके आणि जांभ्यावरचा मातीचा पातळ थर यांमुळे या माथ्यांवर झाडे फार उंच होत नाहीत. खालच्या, वाऱ्यापासून आडोशाच्या जागी अंजनी चांगला लहानसा वृक्ष होते आणि उघड्या कड्याकडे झुडूप राहते. आपल्याला ती पुरुषभर उंचीची दिसली म्हणून ती कोवळी होती असे समजू नये, कारण तिची वाढ फार सावकाश होते आणि मनगटाएवढ्या जाडीची अंजनी आपल्यापेक्षा वयाने मोठी असू शकते.

डहाळी खाली पडलेली उचललीत ते योग्य केलेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहेत. ओळख पटवण्यासाठी फांदी मोडण्याची गरज पडत नाही, वाकून पाहण्याची पडते.

प्रश्न : आमच्याकडे खानदेशात ‘अंजन’ म्हणजे मोठा वृक्ष. त्याची पाने आपट्यासारखी दुभंगलेली असतात, गुरे ती आवडीने खातात आणि लाकूड फोडताना कुऱ्हाड परत येते. माथेरानला एका माहिती फलकावर मात्र एका झुडपाला ‘अंजन’ म्हटलेले पाहिले आणि ते काही आमच्या अंजनासारखे नव्हते. फलक चुकीचा समजावा काय?
— एक वाचक, जि. जळगाव

उत्तर : फलक चुकीचा नाही आणि आपणही चुकलेला नाहीत, नाव एकच आणि झाडे दोन असा हा प्रकार आहे. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन म्हणजे हार्डविकिया बायनाटा, शेंगांच्या कुळातला वृक्ष. रुक्ष, खडकाळ, कमी पावसाच्या जमिनीत तो ताठ उभा राहतो, त्याच्या बारीक फांद्या खाली लोंबतात, आणि आपण ज्याला दुभंगलेले पान म्हणता ती खरे पाहता दोन स्वतंत्र पर्णिकांची जोडी असते. आपट्याचे पान मधोमध चिरलेले पण एकच असते, अंजनाच्या दोन पर्णिका मात्र देठाच्या टोकाशी पूर्ण वेगळ्या होतात. एकदा हाताने विलग करून पाहिले की पुन्हा विसर पडत नाही. फुले बारीक, पिवळट हिरवी आणि नजरेत न भरणारी. शेंग चपटी, कागदासारखी, आणि तिच्यातले एकुलते एक बी टोकाशी असते, म्हणून ती वाऱ्यावर भिरभिरत दूर जाते. हा वृक्ष पानगळीचा आहे.

माथेरानचे झुडूप म्हणजे वर वाईच्या वाचकांनी विचारलेली अंजनी. घाटमाथ्यावरची माणसे बोलताना तिलाही सर्रास अंजन म्हणतात, माझ्या त्या गुरवांनीही तसेच म्हटले होते. ती पावसाळी प्रदेशातली, सदाहरित, साध्या अखंड पानांची आणि निळ्या फुलांची. दोघांत साम्य शोधायचेच तर ते लाकडात सापडते, दोन्ही लाकडे हत्याराची धार घालवणारी आहेत. गंमत अशी की, दोन्ही अंजनांचा संबंध वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात एकाच माणसाशी येतो. विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्या खानदेशी अंजनाला हार्डविकिया हे नाव दिले, आणि जुन्या पुस्तकांत सह्याद्रीची अंजनी ज्या नावाखाली सापडते ते मेमेसायलॉन एड्यूल हे नावही त्यांचेच. जुना संदर्भ चाळताना ‘एड्यूल’ दिसले तर गोंधळू नये, तिथे बहुधा आपल्या अंजनीचेच वर्णन असते. अंबेलॅटम हे नाव त्याहून जुने, १७६८ सालचे आहे आणि ते फुलांच्या छत्रीसारख्या झुबक्यावरून आले आहे.

माथेरानला पुन्हा जाण्याचा योग आला तर एक करावे. तिथे खासगी मोटारगाड्या गावात जात नाहीत, घोडे आणि माणसे यांच्या पायांनी उडालेली तांबडी धूळ उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या सगळ्या पाल्यावर बसते आणि सगळी झाडे एकाच विटकरी रंगाची दिसू लागतात. अशा वेळी एका पानावरून अंगठा फिरवावा. अंजनी असेल तर धुळीखालून काळपट हिरवी, तेल लावल्यासारखी चकाकी वर येते.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही केरळात राहतो. इथल्या शेजाऱ्यांनी एका झुडपाकडे बोट दाखवून ‘कायाम्पू’ असे नाव सांगितले आणि श्रीकृष्णाचा वर्ण या फुलासारखा होता असे म्हटले. फुले पाहून मला माथेरानची आठवण झाली. झाड तेच असेल काय? याच्या पाल्यात तीन ठळक उभ्या शिरा असायला हव्यात असे एका माहितीत वाचले, पण मला तशा शिरा दिसल्या नाहीत.
— एक वाचक, त्रिशूर

उत्तर : मल्याळममधील कायाम्पू म्हणजे मेमेसायलॉनचेच फूल. कृष्णाच्या निळ्या वर्णाला ते उपमान म्हणून येते, आणि तमिळ भक्तिकाव्यातही ‘काया’च्या फुलाची उपमा विष्णूच्या रंगाला दिलेली आहे. आपल्याकडे अंजनीच्या बहराला असे स्थान का मिळाले नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पण एक सावधगिरी बाळगावी : दक्षिणेकडे जावे तसतशा मेमेसायलॉनच्या जाती वाढत जातात, केरळात त्या आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत, आणि निळी फुले, जाड पाने, चार पाकळ्या हे सामान्य वर्णन त्यांतील बऱ्याच जणींना लागू पडते. त्यामुळे आपण पाहिलेले झुडूप अंजनीच्या घरातले आहे हे निश्चित सांगता येते, नेमकी जात मात्र पानाचा आकार, देठाची लांबी, झुबक्याची दांडी आणि फळ हे सगळे एकत्र पाहूनच ठरवावी लागेल. तळकोकण आणि गोव्यातील वाचकांनाही हीच सूचना.

तीन शिरांचे म्हणाल तर आपले डोळे बरोबर आणि ती माहिती अर्धवट. अंजनी ज्या मेलास्टोमा कुळात गणली जाते त्या कुळाची ओळखच मुळी पानाच्या बुडापासून टोकापर्यंत कमानीसारख्या जाणाऱ्या तीन ते पाच ठळक शिरा ही आहे. कोकणात आणि केरळात ओलसर जागी वाढणारे, मोठ्या जांभळ्या फुलांचे मेलास्टोमाचे झुडूप पाहिलेत तर त्या शिरा न शोधता दिसतील. अंजनी मात्र या घरात राहूनही घराची रीत पाळत नाही. तिच्या पानात अशा शिरा नसतात, आणि याच कारणाने काही शास्त्रज्ञांनी तिचे वेगळे कूळच मानले होते. कुळाचे लक्षण पाठ करून झाड ओळखायला गेले की नेमके असे होते. आपण जे दिसले त्यावर विश्वास ठेवलात ते उत्तम.

प्रश्न : अंजनीची फळे खातात काय? तिच्या पानांचा रस डोळ्यांत घालतात म्हणून तिला अंजनी म्हणतात असे ऐकले, ते खरे काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पिकलेली फळे रानात फिरणारी मुले खातात, बुलबुलासारखे पक्षी तर खातातच. आधी हिरवे, मग लालसर आणि शेवटी जांभळट काळे होणारे हे वाटाण्याएवढे गोल फळ चवीला गोडसर तुरट लागते आणि त्याच्या डोक्यावर निदलपुंजाची कड मुकुटासारखी टिकून राहते. आत बी एकच. ते नखाने फोडून पाहण्यासारखे आहे, कारण आतली बीजदले चुरगाळून कोंबलेल्या कागदासारखी दुमडलेली असतात. ओळख पूर्ण पटल्याशिवाय कोणतेही रानफळ तोंडात टाकू नये हे कोकणातल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

पानांचा डोळ्यांच्या तक्रारीवर वापर होत असल्याच्या नोंदी लोकौषधींच्या परंपरेत आहेत हे खरे, परंतु आपण तो प्रयोग घरी करू नये. डोळा ही चाचणी घेण्याची जागा नव्हे. पानांचा एक वेगळा उपयोग मला जास्त रोचक वाटतो. ही झाडे जमिनीतील ॲल्युमिनियम पानांत साठवतात, त्यामुळे दक्षिणेतील कापड रंगवणारे लोक ही पाने पिवळ्या रंगासाठी आणि इतर रंग कापडावर पक्के बसावेत म्हणून तुरटीसारखी वापरत आले आहेत. तुरटीतही ॲल्युमिनियमच असते. प्रयोगशाळेचे तोंडही न पाहिलेल्या रंगाऱ्यांनी नेमके हेच झाड कसे हेरले असेल, याचा विचार करावा तितका थोडा.

प्रश्न : आमच्या गृहसंस्थेच्या आवारात परदेशी कुंपणझाडांऐवजी अंजनी लावावी असा विचार आहे. एका रोपवाटिकेने ‘अंजनी’ म्हणून दिलेली पंचवीस रोपे आणली, पण आपल्या सदरात पूर्वी आलेले वर्णन आणि ती रोपे जुळत नाहीत. पाने समोरासमोर आहेत, पण चोळली की वास येतो. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वास येतो म्हटल्यावर ती अंजनी नव्हे. पान उन्हाकडे धरून कडेलगतची शीर आणि तेलाचे ठिपके दिसतात का ते पाहा. दिसले तर ती जांभूळ किंवा त्याच्या जवळच्या नात्यातली रोपे समजा. जांभूळ कुंपणाला लावले तर दहा वर्षांत भिंत आणि गटार दोन्ही त्याच्या ताब्यात जातील, म्हणून रोपे परत द्यावीत किंवा मोकळ्या मैदानाच्या कडेला हलवावीत. रोपवाटिकेने मुद्दाम फसवले असेल असे मी म्हणणार नाही. दोन पानांच्या अवस्थेत भले भले चुकतात आणि मी स्वतः कसा चुकलो ते वर लिहिलेच आहे.

खरी अंजनी मिळवायची तर बियांपासून करणे बरे, कारण फांदीची कलमे सहजासहजी मुळे धरत नाहीत. पावसाळ्याच्या सुमारास पूर्ण काळी झालेली फळे खासगी मालकीच्या जागेतून, परवानगी घेऊन, मूठभरच गोळा करावीत. गर चोळून धुऊन काढावा आणि बी वाळवून डबीत न ठेवता त्याच आठवड्यात पेरावे. माती पाण्याचा निचरा होणारी असावी, तळाशी जांभ्याचे खडे घातले तर अधिक चांगले. रोपांना पहिली दोन वर्षे दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. वाढ इतकी हळू असते की पहिल्या वर्षी समितीच्या सभेत आपल्याला बोलणी खावी लागतील. चौथ्या-पाचव्या वर्षी कुंपण कंबरेपर्यंत आले तर ते चांगले समजावे. कात्री जपून चालवा आणि जुन्या काड्या मुळापासून छाटू नका, कारण फुले त्यांच्यावरच्या गाठींवरच येतात. दरवर्षी सगळे झुडूप चौकोनी कापून काढले तर आपल्याला हिरवी भिंत मिळेल, निळा बहर मिळणार नाही.

रोपांची ओळख पक्की करून घ्यायची असेल तर फुलांसह किंवा फळांसह एक छोटी डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी, सोबत ठिकाण, तारीख, उंची आणि फुलाचा ताजा रंग लिहून ठेवावा, कारण वाळल्यावर निळा रंग राहत नाही. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात वाळवलेले जुने नमुने जपून ठेवलेले आहेत. आधी पत्राने विचारणा करून गेलात तर आपली डहाळी त्या नमुन्यांशेजारी ठेवून पाहता येईल. नुसत्या पानांची डहाळी मात्र नेऊ नये, तिच्या खालच्या टोकाला गाठी असलेली किमान दोन पेरे असावीत.